फुटकी नाव आणि अढळ श्रद्धा

सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलेल्या तेल्हारा गांवच्या माणसाला समुद्राची पहिली ओळख बहुधा पुस्तकांतूनच होते. अकोला जिल्ह्याच्या वायव्येकडील हा मुलूख. उत्तरेस डोंगर, दक्षिणेस पूर्णा नदी, आणि मध्यें काळ्या जमिनींत कापूस, ज्वारी व तूर. बैलगाडीचें चाक बसविणारा सुतार येथें सर्वांच्या परिचयाचा. परंतु मोठी नौका दुरुस्त करणारा कारागीर येथें कोणाला भेटणार? असें असूनहि एक नाव या भागांतील घराघरांत ठाऊक आहे. ती नाव फुटकी आहे, आणि ती नर्मदेच्या पात्रांत आहे.

तेल्हाऱ्याहून शेगांव फार दूर नाहीं. तेथील संत श्रीगजानन महाराज १९१० सालीं समाधिस्थ झाले. दासगणू महाराजांनीं १९३९ सालीं त्यांचें चरित्र 'श्रीगजाननविजय' या एकवीस अध्यायांच्या पोथींत गाइलें. त्यांतील चवदाव्या अध्यायांत या नावेची कथा येते. सोमवती अमावास्येच्या पर्वणीस भक्तमंडळी महाराजांना घेऊन ओंकारेश्वरीं गेली. परततांना गर्दीची वाट टाळून त्यांनीं नावेनें खेडीघाटास जाण्याचें ठरविलें. वाटेंत नाव खडकावर आदळली, तळाची फळी फुटली आणि पाणी आंत उसळूं लागलें. नावाड्यांनीं पात्रांत उड्या घेतल्या. भक्तांचे प्राण कंठाशीं आले. महाराज मात्र भजनांत दंग होते. अखेर त्यांनीं नर्मदामाईस विनविलें, पाणी ओसरलें, नाव वर आली. आणि पाहतात तों कोळिणीच्या वेषांतील एक स्त्री, वस्त्रें ओलींचिंब झालेलीं, त्या भोंकास हात लावून उभी! ती प्रत्यक्ष नर्मदाच होती, असें पोथी सांगते.

ही कथा ऐकून भाविकांचे डोळे पाणावतात, आणि तें योग्यच आहे. परंतु तिचा एक सोपा अर्थ लावण्याचा मोह अनेकांना होतो. तो असा कीं, संकट आलें असतां हरीवर हवाला टाकून स्वस्थ बसावें. भोंक बुजविणारा बुजवील. कथा मात्र तसें सांगत नाहीं. तिच्यांत कृपा अवतरली ती आकाशवाणीच्या रूपानें नव्हे, फुलांच्या वृष्टीच्या रूपानेंहि नव्हे. ती अवतरली कष्टकरी बाईच्या हाताच्या रूपानें. आणि तो हात जेथें फळी फुटली होती नेमक्या त्याच जागीं होता. ईश्वरी साहाय्य आणि ओला हात यांची ही जोड जो लक्षांत ठेवील, त्याला श्रद्धा म्हणजे काय याचा उलगडा होण्यास उशीर लागणार नाहीं.

हा विचार नीट पारखून पाहावयाचा तर खऱ्याखुऱ्या नावेच्या जीर्णोद्धाराकडे वळणें बरें.

जुन्या लांकडी नौकेची दुरुस्ती म्हणजे अनपेक्षित अडचणींची खाण, आणि त्यास कारण आहे. नौकेचा बिघाड जेथें दिसतो तेथें तो क्वचितच असतो. पाणी एका फटींतून आंत शिरतें आणि सांध्यासांध्यानें वाहत येऊन भलत्याच ठिकाणीं ठिबकतें. शिवाय, समुद्राच्या खाऱ्या पाण्यानें लांकूड जितकें कुजत नाहीं, तितकें तें वरून झिरपणाऱ्या पावसाच्या गोड्या पाण्यानें कुजतें. लांकूड कुजविणाऱ्या बुरशीला मीठ मानवत नाहीं; तिला हवा असतो गोडा ओलावा आणि कोंदट जागा. म्हणून बाहेरून तकतकीत दिसणाऱ्या फळीमागची फासळी पुष्कळदां भुसभुशीत झालेली असते. लोखंडी खिळा गंजला म्हणजे फुगतो आणि भोंवतालचें लांकूड सैल करून टाकतो. खाऱ्या पाण्यांतील किडा तर लांकूड आंतून पोखरून पोकळ करतो, आणि बाहेर त्याची खूण म्हणून टाचणीच्या टोकाएवढें छिद्र काय तें दिसतें. एक फळी बदलावयास घ्यावी, तों शेजारची हातांत निघून येते. ती काढावी, तों तिच्यामागची फासळी ढासळते. आठ दिवसांचें म्हणून आरंभिलेलें काम आठ महिन्यांवर जातें, आणि खर्चाची वही उघडण्याचा धीर होत नाहीं.

अशा वेळीं मालकापुढें दोन वाटा असतात. एक म्हणजे संशयाची जागा तशीच ठेवून तिच्यावर रंगाचा हात फिरविणें. दुसरी म्हणजे फळी उचकटून आंत काय आहे तें पाहणें. पहिली वाट स्वस्त, दुसरी महाग. पहिल्या वाटेनें जाणारा मनुष्यहि तोंडानें 'देव तारील' असेंच म्हणत असतो. परंतु त्याच्या मनांत विश्वास नसतो, भीति असते. आंत जें सांपडेल तें आपणांस पेलणार नाहीं, ही ती भीति. ज्याचा भगवंतावर खरा भरंवसा आहे, तोच सडकी फळी उघडून पाहूं शकतो. कारण आंत कांहींहि निघालें तरी त्यास तोंड देण्याचें बळ देणारा कोणी आहे, हें त्यानें मनाशीं धरलेलें असतें.

कोंकणच्या किनाऱ्यावरील कोळी बांधवांचा परिपाठ या दृष्टीनें पाहण्याजोगा आहे. पावसाळ्यांत समुद्र खवळतो तेव्हां होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात. मग त्यांची तपासणी, डागडुजी आणि तेलपाणी होतें. नंतर येते श्रावणांतली नारळी पौर्णिमा. त्या दिवशीं समुद्रास नारळ अर्पण करावयाचा आणि दर्याची कृपा मागावयाची. फुटकी होडी तशीच ठेवून नुसता नारळ वाहणारा कोळी कोणी पाहिला नसेल. आणि होडी धडधाकट झाली म्हणून नारळ वाहण्याचें विसरणारा कोळीहि विरळाच. हात आणि नारळ, दोन्हीं लागतात. या होड्यांच्या सांध्यांत पाणी शिरूं नये म्हणून पूर्वापार जें भरीत आले तें काय, तर तेलांत व राळेंत भिजविलेला कापूस. तेल्हाऱ्याच्या शिवारांत जें बोंड फुटतें त्याच्या जातीचाच हा कापूस. शेतांत तो वाऱ्यानें उडतो. फळ्यांच्या फटींत ठासून बसविला म्हणजे समुद्रास अडवितो.

याच किनाऱ्यावर, मुंबईच्या गोदींत, अशी एक नौका बांधली गेली कीं तिची कहाणी या विषयावर पुष्कळ प्रकाश टाकते. सुरतेहून १७३६ सालीं मुंबईस आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्यानें पिढ्यान् पिढ्या सागवानी जहाजें बांधलीं. लवजींचे नातू जमशेटजी बमनजी यांच्या हातचें 'कॉर्नवॉलिस' जहाज १८१३ सालीं पाण्यांत उतरलें. त्याच जहाजावर पुढें १८४२ मध्यें नानकिंगचा तह झाला. नेपोलियनशीं चाललेल्या युद्धांमुळें इंग्लंडांत ओकच्या लांकडाची टंचाई पडली होती. म्हणून ब्रिटिश आरमाराची नजर सागवानाकडे वळली. सागवानांतील तेलामुळें लोखंडी खिळे टिकतात. ओकच्या आम्लानें ते झिजतात.

'त्रिंकोमाली' नांवाची युद्धनौका बांधण्याचा हुकूम १८१२ सालीं झाला. तिचे नकाशे 'जावा' या जहाजावरून मुंबईकडे रवाना झाले. परंतु त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन' नौकेनें 'जावा'चा पाडाव केला, आणि नकाशे गेले. ते नव्यानें मागवावे लागले. प्रत्यक्ष काम सुरू होण्यास १८१६ चा मे महिना उजाडला. त्या वेळीं जमशेटजींनीं आपल्या जरथुश्त्री परंपरेप्रमाणें नौकेच्या कण्यांत एक कोरलेला चांदीचा खिळा स्वहस्तें ठोकला. नौकेचें कल्याण व्हावें, हा त्यांतील भाव. शुद्ध व्यवहार पाहणारा म्हणेल कीं, चांदीच्या खिळ्यानें एकहि फळी जोडली जात नाहीं. हें खरें आहे. परंतु ज्या हातानें तो खिळा ठोकला, त्याच हाताच्या देखरेखीखालीं बाकीचे सर्व खिळेहि ठोकले गेले, आणि त्यांतला एकहि ढिला राहून चालणार नव्हतें. प्रार्थना हा कामाचा आरंभ होता. कामांतून सुटका नव्हती. १८१७ च्या ऑक्टोबरांत, बारा तारखेस, नौका पाण्यांत उतरली.

पुढें ती इंग्लंडास गेली, दीर्घ काळ राखीव म्हणून नुसती उभी राहिली, मग अटलांटिक व पॅसिफिक महासागरांत फिरली, आणि शेवटीं नौकानयन शिकणाऱ्या तरुणांची शाळा बनली. १८९७ सालीं ती मोडींत विकली गेली. येथें तिच्या कथेंत एक गृहस्थ प्रवेश करतात. त्यांचें नांव जेफ्री व्हीटली कॉब.

या गृहस्थांनीं पांच वर्षांपूर्वीं, म्हणजे १८९२ सालीं, 'फूद्रॉयां' नांवाचें नेल्सनचें जुनें जहाज परदेशी मोडवाल्यांच्या हातून सोडविलें होतें. मुलांना दर्यावर्दी शिक्षण देण्यासाठीं तें वापरावें हा त्यांचा संकल्प. त्यांनीं पदरचा मोठा पैसा घालून त्याचा जीर्णोद्धार केला आणि तें लोकांना दाखविण्यासाठीं निरनिराळ्या बंदरांत नेलें. १८९७ च्या जून महिन्यांत ब्लॅकपूलच्या किनाऱ्यासमोर तें नांगरून उभें असतां वादळ झालें. जहाज किनाऱ्यावर फेंकलें गेलें आणि भंगलें. वर्षांचे कष्ट एका वादळानें नेले. माणसें वांचलीं, जहाज गेलें.

सुखवस्तु घरांतील शहाण्या माणसांनीं अशा प्रसंगीं काय सल्ला दिला असता, हें सांगावयास नको. एकदां हात पोळले, आतां पुरे. देवाचीच इच्छा नाहीं, असेंहि कोणी म्हणाला असता. कॉब यांनीं त्याच वर्षीं मोडींत निघालेली 'त्रिंकोमाली' विकत घेतली. तिची दुरुस्ती केली, गेलेल्या जहाजाची आठवण म्हणून पुढें तिला 'फूद्रॉयां' हेंच नांव दिलें, आणि मुलांचें शिक्षण सुरू केलें. त्यांच्या अंतरांत कोणती प्रार्थना चालली होती हें त्यांचें त्यांना ठाऊक. परंतु बाहेर जें दिसलें तें श्रद्धेचेंच आचरण होतें: जें गेलें त्यावर हक्क सांगावयाचा नाहीं, आणि जें करावयाचें तें सोडावयाचें नाहीं.

कथा येथेंच संपली असती तर ती गोड झाली असती, पण खोटी ठरली असती. कॉब यांच्याकडे १९१२ सालीं आणखी एक जुनें जहाज आलें. त्याचें नांव 'इंप्लॅकेबल'. मूळचें तें फ्रेंच. १८०५ सालीं ट्रफाल्गारच्या लढाईनंतर इंग्रजांच्या हातीं लागलेलें. त्याच्यावरहि दुरुस्तीचे कष्ट झाले. कॉब १९३१ सालीं वारले. पुढें 'त्रिंकोमाली' आणि 'इंप्लॅकेबल' हीं दोन्हीं जहाजें पोर्टस्मथच्या बंदरांत होतीं. दुसऱ्या महायुद्धानंतर 'इंप्लॅकेबल'च्या दुरुस्तीस लागणारा पैसा उभा राहिला नाहीं. १९४९ च्या डिसेंबरांत, दोन तारखेस, त्याच्यावर ब्रिटन व फ्रान्स या दोन्हीं देशांचीं निशाणें चढवून तें समुद्रांत बुडविण्यांत आलें. 'त्रिंकोमाली' मात्र राहिली. १९८७ सालीं तिला हार्टलपूल येथें नेलें. १९९० पासून २००१ पर्यंत तिची संपूर्ण पुनर्बांधणी चालली, मध्यें १९९२ सालीं तिला मूळचें नांव परत मिळालें, आणि मुंबईच्या गोदींत जन्मलेली ती नौका आजहि तेथें पाण्यावर तरंगत आहे.

दोन जहाजें, एकाच माणसाच्या प्रेमाचीं. एक तरलें, एक बुडालें. तर मग तरलेल्या जहाजावर देवाची कृपा, आणि बुडालेल्यावर कोप, असें म्हणावयाचें काय? असें जो म्हणेल त्यानें श्रद्धेचा सौदा करून टाकला. नवस बोलावा, नारळ फोडावा, आणि मोबदल्यांत जहाज सुखरूप मिळावें, हा व्यवहार बाजारपेठेंत शोभतो. भक्ति जहाजाचा विमा नव्हे. 'इंप्लॅकेबल' बुडालें म्हणून त्यावर झालेले कष्टहि बुडाले नाहींत. तें बुडविल्याची हळहळ लोकांच्या मनास लागून राहिली, आणि जुन्या नौका वांचविल्या पाहिजेत ही जाणीव तिच्यांतून बळावली. कोणत्या कष्टाचें फळ कोणत्या बंदरास लागेल, हें कष्ट करणाऱ्यास आधीं कळत नाहीं. तें न कळतांहि कष्ट करीत राहणें, याचेंच नांव भरंवसा.

हें सर्व समुद्राचें झालें. वऱ्हाडांतील घरांना याचा उपयोग काय, असा प्रश्न कोणी विचारील. उत्तर फार लांब नाहीं. पूर्णेच्या दोन्हीं बाजूंस खारपाण पट्टा पसरलेला आहे. जमीन काळीभोर, पण जमिनीखालचें पाणी खारें. विहीर खणून पीक वांचवावें तर तें पाणीच पिकास बाधतें. तेथील शेतकऱ्याची सारी भिस्त आकाशावर. मृगाच्या सरी पडतात, तो पेरणी करतो. मग पाऊस दडी मारतो आणि कोंभ सुकून जातात. घरांतलें बियाणें संपलेलें, हातांतला पैसा संपलेला. अशा वेळीं पुन्हां उसनवारी करून तो दुबार पेरणी करतो. त्याची दुबार पेरणी आणि बुडालेल्या जहाजानंतर दुसरें जहाज घेणें, यांत फरक काय? दोन्हींकडे पहिला डाव वादळानें वा उन्हानें नेलेला. दोन्हींकडे दुसऱ्या डावाची हमी कोणींहि दिलेली नाहीं. तरी तिफण पुन्हां जुंपली जाते. ती जुंपतांना शेतकरी तिची पूजा करतो. पूजा करून घरीं परतत नाहीं, तासाला लागतो.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत तिफण नसेल, नाव नसेल. परंतु प्रत्येक घर ही एक जुनी नौकाच आहे. कोठें भावाभावांतील अबोला सांध्यांतून झिरपत असतो, कोठें कर्जाचा किडा आंतून पोखरीत असतो, कोठें एखाद्याचें दुखणें सर्वांनीं मिळून झांकून ठेवलेलें असतें. बाहेरून रंग ताजा असतो; सणावारीं तोरण असतें, देवघरांत निरांजन असतें. परंतु आंतली फळी उघडून पाहण्यास कोणी धजत नाहीं. पाहिलें तर काय काय निघेल, ही धास्ती. अशा घरांत देवापुढें हात जोडले जातात तेव्हां मागावयाचें काय, हा खरा प्रश्न आहे. फळी सडलेली नसो, असें मागणें व्यर्थ. ती सडली असेल तर सडलीच आहे. ती उघडण्याचा धीर दे, आणि उघडल्यावर हात मागें न घेण्याची बुद्धि दे, हें मागणें खरें.

नौकेच्या जीर्णोद्धारांत सर्वांत कठीण घटका शेवटीं येते, आणि नवख्या माणसास ती हटकून फसविते. सर्व फळ्या बदलून झाल्या, फटी बुजविल्या, तेल दिलें, आणि नाव समारंभानें पाण्यांत सोडली. तों ती गळूं लागते! मालकाचें काळीज हेलावतें. इतके कष्ट, इतका पैसा, आणि अखेर हें फळ? जाणता कारागीर मात्र घाबरत नाहीं. महिनेन् महिने कोरड्यावर राहिलेलें लांकूड आकसलेलें असतें. पाणी लागलें म्हणजे तें हळूहळू फुगतें, फळीला फळी भिडते, कापूस घट्ट दाबला जातो, आणि गळती आपोआप थांबते. त्याला कांहीं तास लागतात, कधीं कांहीं दिवस. ज्या पाण्याची भीति वाटते, तेंच पाणी अखेर सांधे मिटवितें. तोंवर मालकानें करावयाचें एवढेंच कीं, नावेंतून उडी टाकावयाची नाहीं, आणि आंत आलेलें पाणी उपसत राहावयाचें.

नर्मदेच्या पात्रांतील ती कथा येथें नव्यानें उजळते. नावाड्यांनीं उड्या घेतल्या. महाराज नावेंत बसून राहिले. आणि नर्मदामाईनें भोंकास हात लावला तो क्षणभर नव्हे. नाव किनाऱ्यास लागेपर्यंत तो हात तेथेंच होता. तेल्हाऱ्याच्या एखाद्या घरांत पोथी मिटल्यावर, निरांजन शांत झाल्यावर, जी गृहिणी उद्यांच्या संसाराची फाटकी बाजू शिवावयास घेते, तिचाहि हात त्याच जातीचा आहे. तो ओला असतो, थकलेला असतो, कोणाच्या दृष्टीसहि पडत नाहीं. नाव तरते ती अशा हातांवर. आणि त्या हातांना बळ कोठून येतें, हें ज्याचें त्यानें आपल्या देवास विचारावें.